सेव्ह झालं, पण कुणाचं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये ‘एडिट’चं पान केलंय? मग एकच रेकॉर्ड दोन टॅबमध्ये उघडून ठेवा. एकात फोन नंबर बदलून सेव्ह करा, मग दुसऱ्यात पत्ता. आता बघा, नवा नंबर गायब! दुसऱ्या फॉर्मने जुना नंबर परत लिहिला आणि एरर कुठेच नाही. हाच ‘लॉस्ट अपडेट’.

फॉर्म उघडणं आणि सेव्ह करणं या दोन वेगळ्या रिक्वेस्ट. तेवढा वेळ रो लॉक करून ठेवावी, तर युजर चहाला गेला की बाकीचे अडकले!

त्यापेक्षा टेबलात व्हर्जनचा कॉलम घाला. फॉर्म उघडताना तिथे ३ होतं? मग ‘अजूनही ३ असेल तरच बदल, आणि ४ कर’ असं क्वेरीत सांगा. एकही रो बदलली नाही, तर मध्ये कुणीतरी हात मारलाय. युजरला तसं सांगा. त्याने टाइप केलेलं मात्र फेकू नका, प्लीज.

हायबरनेट, रेल्स यांच्यात ही सोय तयार मिळते. पण गोम अशी, की तो ३ हिडन फील्डमधून परत यायला हवा. सेव्हच्या वेळी ऑब्जेक्ट डेटाबेसमधून नव्याने काढून त्यावर फॉर्म ओतलात, तर व्हर्जनही ताजंच मिळतं. मग फोन नंबर पुन्हा गायब.