कॉम्प्युटरचा उन्हाळा

२००१ च्या सप्टेंबरमध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली आणि जगभरच्या कॉम्प्युटरवेड्यांमध्ये तिचीच चर्चा सुरू झाली. प्रयोग साधा होता. कॉम्प्युटरवर ‘क्वेक थ्री’ हा गेम चालू ठेवायचा आणि चालू मशीनमध्येच प्रोसेसरवरचा हीटसिंक पंख्यासकट उचलून बाजूला काढायचा. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, गेम रखडत रखडत चालू राहिला, आणि हीटसिंक परत ठेवल्यावर त्याने पुन्हा वेग घेतला. पेंटियम ३ जागच्या जागी अडकला, पण वाचला. एएमडीच्या ॲथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला आणि तो कायमचा गेला.

आज असा प्रोसेसर बाजारात नाही. प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात तापमान मोजणारे सेन्सर असतात. ठरलेली मर्यादा आली की तो आपणहून वेग कमी करतो, त्याहून तापला तर मशीन बंद करून टाकतो. जळण्याची भीती त्यामुळे जवळजवळ गेली, पण तिची जागा न दिसणाऱ्या नुकसानीने घेतली. साठ-सत्तर हजार मोजून घेतलेलं मशीन मे महिन्यात पूर्ण ताकदीने चालतच नाही आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. गेम अडखळतो, लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि खापर विंडोजवर किंवा एखाद्या व्हायरसवर फुटतं.

मुळात एवढी उष्णता येते कुठून? प्रोसेसरमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. दरवेळी थोडा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो, आणि त्यात खर्ची पडलेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. इंटेलचा कोअर आय-नाइन १४९००के पूर्ण जोरात चालला की कंपनीच्याच आकड्यानुसार २५३ वॉटपर्यंत वीज घेतो. ही सगळी वीज जिरते ती साधारण अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात. घरातली हजार वॉटची इस्त्री घेतली, तर तिची उष्णता दोनेकशे चौरस सेंटिमीटरच्या तळावर पसरलेली असते, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे पाच वॉट. प्रोसेसरमध्ये हेच प्रमाण शंभर वॉटच्या आसपास जातं. इस्त्रीच्या वीसपट दाटीची उष्णता, आणि तरीही तापमान शंभर अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, असं हे काम आहे.

हे प्रकरण कुठवर जाईल याचा इशारा इंटेलचे वरिष्ठ अधिकारी पॅट गेलसिंगर यांनी २००१ मध्येच दिला होता. चिपची रचना याच पद्धतीने पुढे नेत राहिलो, तर दर चौरस सेंटिमीटरची उष्णता आधी अणुभट्टीची, मग रॉकेटच्या नळकांड्याची आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाची बरोबरी करेल, असं त्यांचं गणित होतं. तीन वर्षांतच इंटेलला ते स्वतःच्या घरात बघावं लागलं. २००४ मध्ये आलेला ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ शंभर वॉटच्या पुढे गेला, आणि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा जाहीर केलेला बेत कंपनीने त्याच वर्षी गुंडाळला. एकाच कोअरचा वेग वाढवत नेण्याऐवजी एका चिपमध्ये दोन, चार, आठ कोअर बसवण्याचा रस्ता सगळ्या उद्योगाने धरला, त्यामागे उष्णता हे मोठं कारण होतं.

उष्णता नाहीशी करणारा कूलर अजून कुणी बनवलेला नाही. ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढंच करता येतं. चिपमधून तिच्यावरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून हीटसिंकच्या तळात, तिथून पातळ पत्र्यांच्या फिन्समध्ये, फिन्समधून कॅबिनेटच्या हवेत आणि कॅबिनेटमधून खोलीत, असा तिचा प्रवास होतो. यातला एक टप्पा तुंबला की मागचं सगळं तापतं. महागडा कूलर बसवूनही ज्यांचं मशीन तापतं, त्यांनी बहुतेक वेळा एक टप्पा सुधारलेला असतो आणि तुंबलेला असतो दुसराच.

पहिली अडचण येते झाकण आणि हीटसिंक यांच्यामध्ये. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण बारीक खाचांमुळे ते एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत आणि मधे हवा राहते. उष्णता वाहून नेण्याच्या मोजपट्टीवर तांब्याचा आकडा ४०० च्या घरात आहे, तर हवेचा ०.०२६. या फटी भरायला थर्मल पेस्ट लावतात. चांगल्या पेस्टचाही आकडा पाच-दहाच्या आसपासच असतो, म्हणजे हवेपेक्षा कित्येक पटींनी बरा, पण तांब्यापुढे काहीच नाही. म्हणून पेस्ट फटींपुरतीच हवी. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवायचा आणि हीटसिंक सरळ खाली दाबायचा, की तो आपोआप पसरतो. हीटसिंकचे स्क्रू एकेक करून पूर्ण आवळले तर तो तिरका बसतो, म्हणून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवावे लागतात. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर मिळणाऱ्या साध्या कूलरला स्क्रूऐवजी चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्यातली एक अर्धवट बसली तरी तळाची एक बाजू वर राहते. नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचाच राहून गेला, ही तर दुरुस्तीवाल्यांच्या नेहमीच्या ओळखीची तक्रार.

मोठ्या टॉवर कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या दिसायला भरीव वाटतात, पण त्या पोकळ असतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्याने ते शंभर अंशांच्या कितीतरी खालीच उकळतं, वाफ गार टोकाकडे धावते, फिन्सना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून झिरपत परत येते. मोटर नाही, आवाज नाही, झिजणारा भाग नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अवकाशातल्या ऊर्जायंत्रणांसाठी विकसित केलेली ही हीटपाइप आज दोन-तीन हजारांच्या कूलरमध्ये मिळते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ हा दोन पंखे आणि सहा हीटपाइपांचा कूलर वर्षानुवर्षं पाण्याच्या कूलरांना टक्कर देत राहिला, तो याच तत्त्वावर.

कॅबिनेटमध्ये मात्र आपल्याकडे सर्रास हेळसांड होते. समोरचा पंखा बाहेरची हवा आत घेणार, मागचा आणि वरचा आतली गरम हवा बाहेर टाकणार, ही रीत. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बारीक बाण कोरलेला असतो, तो हवेची दिशा दाखवतो. तरीही दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकताहेत, अशी असेंबल्ड मशीनं निघतात. मग हवा मिळेल त्या फटीतून आत शिरते आणि फिल्टर नसलेल्या त्या फटींतून धूळही येते. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जोरकस असले की फटींतून हवा बाहेरच्या बाजूला वाहते आणि धूळ कमी बसते. समोर दिखाऊ काचेचं पॅनल आणि हवेला जेमतेम बोटभर जागा, असली कॅबिनेटं दुकानात छान दिसतात. पण पैसे जाळीच्या पॅनलवर घालावेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक कार्ड एकटंच ४५० वॉटपर्यंत जातं. एवढी उष्णता कॅबिनेटमध्ये घुटमळली, तर प्रोसेसरचा कूलर कितीही भारी असो, तो गरम हवाच ओढत बसतो.

आता खोलीचा विचार. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कुठलाही साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. डिसेंबरात पुण्यातल्या २० अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारं मशीन मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ४० अंशांच्या खोलीत पंचाऐंशीवर जातं. मशीन बिघडलेलं नसतं, ऋतू बदललेला असतो. थंड देशांतल्या परीक्षणांमध्ये छापलेले आकडे बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. विदर्भातल्या ग्राहकाने ते वाचताना मनात वीस मिळवूनच वाचावेत.

त्यात कॉम्प्युटर टेबलाचा बंद कप्पा ही खास आपल्याकडची आपत्ती. मागे भिंत, पुढे दार, आणि आत कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतं. उन्हाळ्यात अनेकजण बाजूचं पॅनल काढून समोर टेबलफॅन लावतात. तात्पुरता फरक पडतो, पण पंख्यांनी आखलेला हवेचा रस्ता मोडतो आणि धूळ थेट आत जाते. डेझर्ट कूलरने खोली गार होते, त्याचा मशीनला फायदाच होतो. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर नको, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार उडतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दमट, खारी हवा धातूच्या जोडांना गंज चढवते. तिथे पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेलं बरं, आतली ऊब ओलावा घालवते.

एवढं सगळं सांभाळल्यावर मग ओव्हरक्लॉकिंगची गोष्ट, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. याचा सोन्याचा काळ १९९८ मध्ये सुरू झाला. इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० केला की बहुतेक वेळा ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालायचा. दीडपट वेग, तोही फुकट! २०११ च्या आय-फाइव्ह २५००के लाही ३.३ वरून साडेचार गिगाहर्ट्झपर्यंत नेणारे शौकीन पुष्कळ होते.

पण वेग वाढवताना बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खरी गोम तिथे आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ४ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर नेला. वेग वाढला १५ टक्के, उष्णता मात्र जवळपास ४५ टक्के! शिवाय जादा व्होल्टेज चिपला हळूहळू झिजवतं. २०२४ मध्ये इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त चढणारं व्होल्टेज हे कारण कंपनीने मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या ग्राहकांपैकी अनेकांनी स्वतः कसलंही ओव्हरक्लॉकिंग केलेलं नव्हतं.

विक्रमांची दुनिया वेगळीच. २०२२ च्या अखेरीस कोअर आय-नाइन १३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला गेला, तो उणे २६९ अंशांना उकळणाऱ्या द्रवरूप हेलियमच्या जोरावर, आणि तोही थोड्या वेळापुरता. ते बघून घरी बर्फ किंवा विजेवर गार होणारी पेल्टिए प्लेट वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचं दवबिंदू तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असतं. त्याहून गार झालेल्या कुठल्याही भागावर पाणी साचणारच, आणि ते मदरबोर्डवर उतरेल.

पाण्याच्या कूलरबद्दलही थोडं. पाणी उष्णता वाहून न्यायला हवेपेक्षा फार सरस आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवाने थंड केला जातो. पण घरगुती संचातलं पाणी शेवटी रेडिएटरमधून खोलीच्याच हवेला उष्णता देतं. भर पडते ती पंपाची, आणि पंप बंद पडला तर काही मिनिटांत मशीन गुडघे टेकतं. अडीचशे वॉटच्या प्रोसेसरला पाण्याचा कूलर हवाच, बाकीच्यांना चांगला टॉवर कूलर पुरतो.

आजचे प्रोसेसर टर्बोच्या नावाखाली कारखान्यातूनच जवळपास टोकापर्यंत ताणलेले येतात. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बडे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंश गाठण्यासाठीच बनवलेले आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज थोडं उतरवणं, म्हणजेच अंडरव्होल्टिंग करणं किंवा बायोसमधला इको मोड लावणं, हाच जास्त शहाणपणाचा खेळ आहे. वीज वाचते, पंख्यांचा आवाज उतरतो, आणि प्रोसेसर तापून वेग टाकत असेल तर तो भर दुपारी उलट जास्त स्थिर चालतो. ओव्हरक्लॉकिंगची हौस डिसेंबरात भागवावी.

गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा कॅबिनेट उघडावं. प्लग काढून, बाल्कनीत नेऊन, ब्लोअरने धूळ उडवावी. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर झोताने गरगरून बेअरिंग खराब होतं. कूलरचा पंखा सुटा केला, तर फिन्सच्या तोंडाशी केस, कापसाचे तंतू आणि धूळ यांचा राखाडी थर अनेकदा सापडतो. वरून तो दिसत नाही. बोटाने सोलून काढता येतो. मग एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून दुपारी अर्धा तास गेम चालवावा आणि तापमान पाहावं. आकडा नव्वदीच्या पुढे जात असेल, तर नवा कूलर विकत घेण्याआधी पेस्ट बदलून बघा, पंख्यांचे बाण तपासा आणि कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढा.