चुलीला तीस, माणसाला तीस

जे. पी. नगरातल्या त्या घरात कुणी मासे खात नाही. सांगलीकडचं कुटुंब, मुलीच्या नोकरीमुळे बंगळुरूत स्थिरावलेलं. तरी दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी स्वयंपाकघरात मासळीचा म्हणावा असा वास येऊ लागला. वरच्या मजल्यावरून येत असेल असं म्हणून काकूंनी खिडकी लावून घेतली, तर तो जास्तच जाणवायला लागला. मग एकदा ओटा पुसताना जावयाचा हात चुलीच्या प्लगला लागला आणि चटका बसला. सॉकेटची पांढरी कड तपकिरी झाली होती. स्विच-सॉकेटचं प्लास्टिक फार तापलं की त्याला असाच वास येतो. जुने इलेक्ट्रिशियन दारात पाऊल टाकताच तो ओळखतात.

मला त्या घरी ओढून नेलं ते या वासानं. कारण ती चूल घरात आली होती तीच मुळी सुरक्षिततेसाठी. काकूंना हल्ली विसर पडतो. गॅस चालू ठेवून त्या फुलं आणायला खाली गेल्या, असं एकाहून अधिक वेळा झालं. म्हणून मुलीनं चार झोनची इंडक्शनची चूल घेतली. ज्योत नाही, गळती नाही, भांडं उचललं की आपोआप बंद. चूल खरंच चांगली होती आणि आजही चांगली आहे. दोष भिंतीत होता.

नवीन वायरिंग करायला आलेले मेस्त्री खानापूर तालुक्यातले. बेळगावात आयटीआय केलं, मग सर्जापूर रोडवरच्या इमारतींमध्ये पाइप टाकत टाकत काम शिकले. आता स्वतःची माणसं घेऊन कामं करतात. माझ्याशी आणि काकूंशी मराठीत, हाताखालच्या रायचूरच्या पोराशी कन्नडमध्ये. आल्या आल्या त्यांनी चुलीकडे पाहिलंच नाही. आधी विजेचं बिल मागितलं, त्यावरचा मंजूर भार वाचला, मग चुलीच्या पोटाखाली टॉर्च मारून तिथली पाटी वाचली. सात हजार वॅट. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं भागाकार केला, सात हजार भागिले दोनशे तीस.

"तीस," ते म्हणाले. "चारी झोन लावले की तीस अँपिअर ओढणार बघा ताई ही. आणि प्लग कितीचा? सोळाचा."

असल्या चुलीच्या केबलला कंपनी प्लग लावतच नाही, कारण घरातल्या मोठ्या तीन पिनी सॉकेटची क्षमताच सोळा अँपिअरची असते. चूल थेट स्वतंत्र लाइनला जोडायची असते. इथे 'फ्री इन्स्टॉलेशन'ला आलेल्या माणसानं ग्रॅनाइटच्या खाचेत काच नीट बसवली, बटणं कशी वापरायची ते दाखवलं, केबलला प्लग लावला, तो जुन्या सॉकेटमध्ये खुपसला आणि सही घेऊन तो गेला.

डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचं झाकण काढल्यावर मेस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. स्वयंपाकघराच्या त्या लाइनवर बत्तीस अँपिअरचा एमसीबी होता आणि त्यातून निघणारी वायर मात्र अडीच चौरस मिलिमीटरची. मूळचा वीसचा होता. नवी चूल लावल्यावर तो सारखा पडायचा, म्हणून कुणीतरी बदलून मोठा बसवून दिला. काकू म्हणाल्या, "त्यानंतर कधी पडला नाही हो." त्यांच्या आवाजात समाधान होतं. मेस्त्रींनी त्यांना बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं, "काकू, हा खटका चुलीसाठी नसतोय. भिंतीतल्या वायरीसाठी असतोय. तो पडत होता ते बरोबर करत होता."

घराघरांत हेच उलटं समजलं जातं. एमसीबी पडला की आपल्याला अडचण वाटते, आणि अडचण दूर करणारा माणूस हुशार वाटतो. मला तो माणूस हुशार वाटत नाही. त्याच्या त्या पाच मिनिटांच्या कामानं भिंतीतली वायर बिनराखणीची झाली होती.

तीस आणि सोळा यांत दुपटीचा फरक आहे, असं वरवर पाहता वाटतं. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. सॉकेटमधला एखादा स्क्रू किंचित सैल असेल आणि तिथे एक विसांश ओहम इतकाच रोध तयार झाला असेल, तर पंधरा अँपिअरला त्या ठिपक्याएवढ्या जागी अकरा वॅट उष्णता निर्माण होते. तीस अँपिअरला पंचेचाळीस. म्हणजे सॉकेटच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखंच. काकूंच्या घरात दिवाळीचा फराळ होत होता. चारी झोन तासन्‌तास चालू होते.

मधली कामं नेहमीसारखी झाली. मेन बंद केला, तो खरंच बंद झाल्याची टेस्टरनं आणि मीटरनंही खात्री केली, बोर्डापासून ओट्यापर्यंत भिंतीत झिरी मारली, पंचवीस मिलिमीटरचा पाइप बसवला, त्यातून सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन वायरी ओढल्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. ओट्यावर चुलीच्या बाजूला, पण चुलीच्या वर नाही, अशा जागी बत्तीस अँपिअरचा डबल पोल स्विच लावला. आग लागली किंवा तेल उतू गेलं, तर उकळत्या भांड्यावरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीवर खिळून राहिलं. प्रत्येक वायरीच्या टोकाला लग दाबून बसवल्यावर, स्क्रू आवळल्यावर, मेस्त्री ती वायर दोन बोटांत धरून ओढून बघत. जोरात नाही, पण मनापासून. सुटली नाही की स्क्रूवर पुन्हा एक पाव वळसा. पोरानं एक टोक जोडून "आयतु", म्हणजे झालं, म्हटलं, तर त्यांनी तेही ओढलं. ते निसटून हातात आलं. ते रागावले नाहीत. टोक पुन्हा त्याच्या हातात दिलं आणि त्याच्याकडूनच आवळून घेतलं, मग परत ओढलं. त्या घरातला तपकिरी सॉकेट अशाच एका न ओढलेल्या वायरीनं भाजला होता. या ओढून बघण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, बिलात त्याची ओळ नसते, आणि घरमालक तेव्हा बहुधा दुसऱ्या खोलीत असतो.

बोर्डाशेजारी एक गोल फिरवायचा खटका होता, आर-वाय-बी लिहिलेला. बंगळुरूत तीन फेजची जोडणी असलेल्या घरांत तो हमखास दिसतो. एक फेज गेली की लोक तो फिरवतात आणि तो भाग दुसऱ्या फेजवर घेतात. दिव्या-पंख्यांसाठी सोय चांगली आहे. पण तीस अँपिअरची चूल त्यामागे असेल आणि ज्या फेजवर ती जाईल तिथे आधीच गिझर चालू असेल, तर सगळा बोजा एकाच वायरीवर येतो. मेस्त्रींनी चूल त्या खटक्यातून पूर्णपणे बाहेर काढली आणि गिझर नसलेल्या फेजवर कायमची जोडली. "फेज गेली तर चूल बंद राहू दे. एक वेळ खिचडी कुकरमध्ये गॅसवर करा," असं त्यांनी काकूंना सांगितलं. गॅसची एक शेगडी घरात ठेवलेलीच आहे. भाकरी जाळावर फुगवायला आणि भरताचं वांगं भाजायला काकूंना ती हवी होती, आणि ती लावताना मुलीनं जवळ असायचं, असं ठरलं आहे.

अर्थिंग पाहायला आम्ही खाली तळघरात गेलो. हे शहर दगडावर बसलं आहे. लालबागेतला तो उघडा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा मानला जातो, आणि त्याच जातीचा खडक कितीतरी पेठा-वस्त्यांखाली थोड्याच फुटांवर लागतो. विजेला जमिनीत उतरायला ओल लागते, दगड ती देत नाही. म्हणून इथे खड्डा करून त्यात पाइप, कोळसा आणि मीठ घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. या सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेला होता, त्यावर कुणाची तरी स्कूटर उभी होती. ती हलवून, झाकण उघडून मेस्त्रींनी गंजलेला नट घासून साफ केला, पट्टी पुन्हा आवळली, वॉचमनकडून बादलीभर पाणी आणवून ओतलं. वर येऊन न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला. दोन व्होल्टच्या आत आला, तेव्हा मान हलवली.

जुन्या घरांत अर्थिंग मिळेना की काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून देतात. मीटरवर सगळं ठीक दिसतं. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर चुलीची, फ्रिजची, गिझरची धातूची बाजू पूर्ण २३० व्होल्टनं भरते. मेस्त्रींनी अशी घरं पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

मग त्यांनी एका छोट्या खोक्यातून नवा आरसीसीबी काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, ३० एमए. "हे पण तीसच बघा. चुलीला तीस अँपिअर, माणसाला तीस मिलिअँपिअर." हजारावा हिस्सा. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह हे उपकरण सतत ताडून पाहतं. त्यात तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून जमिनीत चालली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतं. यापेक्षा जास्त प्रवाह छातीतून थोडा वेळ जरी गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबीला ही गळती दिसत नाही, तो ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट पाहतो. आरसीसीबीला ओव्हरलोड दिसत नाही. दोन्ही लागतात. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीसुद्धा वाचवू शकत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं मरण पावणाऱ्यांचा आकडा दरवर्षी दहा हजारांच्या वर आहे. कायदाही गप्प नाही. बल्ब, पंखा, स्विच तेवढ्याच क्षमतेचा बदलणं वेगळं, पण नवी लाइन टाकणं हे परवानाधारक कंत्राटदाराचं आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालचं काम आहे. शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले. सव्वाशे वर्षांचा विजेचा शेजार असलेल्या या शहरात चूल घेताना आजही दुकानात काचेचा रंग विचारला जातो. वायर किती जाडीची लागेल, हे विचारणारा विरळा.

चूल जोडण्याआधी मेगरनं पाचशे व्होल्टवर वायरींचं इन्सुलेशन तपासलं. नियमानं किमान एक मेगओहम लागतो, नव्या वायरी कितीतरी वर होत्या. मग चूल जोडली, चारी झोनवर पाण्यानं भरलेली भांडी ठेवली आणि सगळं पूर्ण ताकदीवर लावलं. फेजच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरला. आकडा चढत चढत २९.६ वर थांबला. पुठ्ठ्यावरचा भागाकार बरोबर होता. अर्धा तास पाणी उकळू दिलं, भांडी भरत राहिलो. नंतर मेन बंद करून मेस्त्रींनी एकेक जोड बोटानं चाचपला. कोमट. चटका देण्याजोगं काही नव्हतं. काढलेला जुना सॉकेट त्यांनी काकूंच्या हातात दिला आणि "पुन्हा कुठे लावू नका" असं बजावलं.

या सगळ्याला चुलीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतका खर्च आला. माझ्या मते तो चुलीच्याच किमतीत धरायला हवा. घराला चार झोनची गरज नसेल, तर साडेतीन किलोवॅटची दोन झोनची चूल घ्या. तिला निम्मा प्रवाह पुरतो. पण ती घेतानाही आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नंतर दुकानात जा. तो वायर ओढून बघतो का, ते पाहा. आणि आजच तुमच्या बोर्डावरच्या आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण वीज चालू असताना दाबा, मग महिन्यातून एकदा दाबत जा. खटका पडला, तर ठीक. नाही पडला, किंवा तसं बटणच तुमच्या बोर्डावर नसलं, तर चालू आरसीसीबी बसवून होईपर्यंत विजेची चूल लावू नका.