उकळत्या पाण्याची साक्ष

क्योतोच्या दक्षिणेस वसलेल्या उजी या गावी एका चहाच्या पेढीत पारखीच्या मेजापाशी बसण्याचा योग आला, तेव्हा पेढीच्या वयोवृद्ध पारख्यांनी किटलीतले खळखळ उकळते पाणी थेट पानांवर ओतलेले पाहून मी चकित झालो. कारण सेंचा या हिरव्या चहासाठी पाणी ७०-८० अंशांपर्यंत आणि ग्योकुरो या दुसऱ्या हिरव्या चहासाठी ५०-६० पर्यंत निवू द्यावे, हा पाठ जपानात पाऊल ठेवल्यापासून मी ऐकत आलो होतो. पण तो पाठ पिणाऱ्यासाठी. पारख करणाऱ्याचा शिरस्ता निराळा. निवलेले पाणी पानांतले माधुर्य तेवढे हळुवारपणे काढून घेते आणि कडवटपणा बराचसा मागेच ठेवते. उकळते पाणी कोणाची भीड धरीत नाही.

काळ्या थाळ्यांतली कोरडी पाने आधी न्याहाळून झाली होती. मग शुभ्र चिनी मातीच्या तीन वाडग्यांत प्रत्येकी ३ ग्रॅम पाने, वर सारखेच पाणी. आणि बारीक जाळीच्या पळीने ओली पाने उचलून, ती नाकाशी नेऊन, त्यांनी मला खुणेनेच तसे करावयास सांगितले.

पहिला सेंचा उजीचाच होता. १७३८ साली जवळच्याच उजितावारा येथील नागातानी सोएन यांनी पाने वाफवून, मळून, वाळवण्याची जी रीत बसवली, तिचाच हा वारस. कोवळ्या गवताचा गंध, स्वच्छ पिवळसर हिरवा रंग आणि जिभेच्या कडांना जाणवणारी तुरट धार. दुसरा शिझुओकाचा फुकामुशी, म्हणजे अधिक काळ वाफवलेला. त्यामुळे पाने मोडून चुरा झालेली, रंग गडद व गढूळ आणि चव मवाळ.

तिसऱ्या वाडग्यापाशी मात्र माझी कसोटी लागली. त्यातून समुद्रशेवाळाचा वास येत होता, आणि तो मी दोष म्हणून सांगितला. वृद्ध गृहस्थांनी शांतपणे मान हलवली: हा यामेचा ग्योकुरो, आणि हा गंध म्हणजेच त्याच्या सावलीचा दाखला. खुडणीपूर्वी सुमारे २० दिवस ही झुडपे आच्छादनाखाली असतात. एरवी सूर्यप्रकाशात पानांतील थिअनीन या अमिनो आम्लाचे तुरट द्रव्यांत रूपांतर होत जाते, ते येथे रोखले जाते. पुन्हा घोट घेतला तेव्हा जी दाट, रेंगाळणारी चव जाणवली, तिला आपल्या षड्रसांत नाव नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी कोंबू या समुद्रवनस्पतीच्या काढ्यात तिचा मूलाधार शोधून तिला उमामी म्हटले. पण एवढे वाचून ठाऊक असूनही ती प्रत्यक्ष ओळखण्यास मला दोन घोट लागले, याची येथे नोंद करणे अवश्य आहे.

वाडगे पूर्ण निवल्यावर आम्ही पुन्हा चाखले. फुकामुशी फिका पडला होता, ग्योकुरोची गोडी थोडी जड झाली होती. सेंचाची धार तशीच शाबूत होती, म्हणून माझ्या मते त्या दिवशी तोच अव्वल ठरला. मग त्यांनी तोच सेंचा निवलेल्या पाण्यात करून मला दिला, आणि कडवटपणाची सीमा आधी ठाऊक असल्यामुळे त्यातले माधुर्य किती उमटून यावे!

वाचकांपैकी कोणाच्या हाती असा चहा आला, तर त्यांनी आधी ३ ग्रॅम पाने उकळत्या पाण्यात टाकून चाखावीत, आणि मगच पाहुण्यांसाठी पाणी निववावे.