पहिल्या थापेची टोचणी जाते कुठे?

ऑफिसच्या कामाला बसने जाऊन रिक्षाचं बिल लावणारा माणूस पहिल्या वेळी चांगलाच अस्वस्थ होतो. वर्षभराने तोच जेवणाचं, मुक्कामाचंही खोटं बिल सहज लावतो. मधल्या काळात टोचणी गेली कुठे?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली याचा माग काढला. बरणीत नाणी भरलेली. त्यांची रक्कम किती, हे जोडीदाराला सांगायचं. काही फेऱ्यांत आकडा फुगवला की सांगणाऱ्याचाच फायदा. तिथे थापा हळूहळू वाढत गेल्या. मेंदूच्या स्कॅनमध्ये मात्र भावनांशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग थापेगणिक मंद होत होता. तो जितका मंदावे, तितकी पुढची थाप मोठी. अत्तराच्या दुकानात थोडा वेळ थांबलं की वास जाणवेनासा होतो, तसंच हे.

'सत्यम कॉम्प्युटर' या आयटी कंपनीतल्या घोटाळ्याची कहाणी मला याच उतारावरची वाटते. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातली तफावत सुरुवातीला किरकोळ होती. शेवटी ताळेबंदात तब्बल ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती! इतका आकडा पहिल्याच तिमाहीत लिहायला बहुतेकांचा हात धजावला नसता.

तुमचंही एखादं वाढीव बिल हिशेब विभागात पडून असेल, तर मन खातंय तोवर, याच आठवड्यात, ते मागे घ्या.