मन शांत करायचे, झोपवायचे नाही

विहारात ध्यानाचा विषय निघाला की कोणी ना कोणी विचारतोच, "ज्याचे हातावर पोट आहे त्याने डोळे मिटून बसायचे कशाला? ते तर पोट भरलेल्यांचे काम!" प्रश्न रास्त आहे. सोयाबीनला भाव नाही, पोरगा पदवी घेऊन घरी बसला आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे. अशा घरात डोके शांत राहणार कसे? पण अशांत मनाची किंमतही त्याच घराला मोजावी लागते. बाहेर झालेला अपमान गुत्त्यावर जातो आणि रात्री घरी येऊन बायको-लेकरांवर निघतो. म्हणूनच हा विषय आपल्याच घरचा आहे.

बाबासाहेबांची मांडणी

परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. सिद्धार्थ गौतमाने घर सोडल्यावर काय काय शिकून पाहिले, हे त्यात सविस्तर आले आहे. त्यांनी सांख्यांचे तत्त्वज्ञान अभ्यासले. आलार कालामाकडे ध्यानमार्ग शिकले. उद्दक रामपुत्ताकडे त्याच्या वरची पायरी शिकले. त्या काळी ध्यानाचे तीन पंथ होते आणि श्वासावर ताबा हा तिघांचा पाया होता, असे बाबासाहेब सांगतात. पुढे सिद्धार्थाने कठोर तपश्चर्याही केली. तरीही जगातील दुःखाचा प्रश्न सुटला नाही.

म्हणून भगवंतांनी ध्यान टाकून दिले का? नाही. अष्टांग मार्गात त्यांनी सम्यक समाधीला जागा दिली. बाबासाहेबांनी इथे मोलाचा भेद दाखवला आहे. नुसती समाधी म्हणजे मनाचे व्यवहार थोडा वेळ थांबणे. ती उतरली की राग, लोभ पुन्हा आहेतच. सम्यक समाधी मात्र एकाग्र झालेल्या मनाला कुशल विचारांची सवय लावते. सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक आजीविका यांच्या सोबतीनेच ती येते. माणसाने माणसाशी कसे वागावे हा धम्माचा गाभा आहे. ध्यानाने तो विसरायला लावला तर ते आपल्या कामाचे नाही.

प्राणायाम आणि आनापान

पतंजलीच्या योगातही चित्त स्थिर करणे हेच ध्येय आहे. त्याच्या पाच यमांतील अहिंसा, सत्य आणि अस्तेय आपल्या पंचशीलात आहेतच. फरक पद्धतीत आहे. प्राणायामात श्वास ठरवून आत घेतात, रोखतात, सोडतात. आनापानसतीत श्वास जसा येतो-जातो तसा फक्त जाणायचा. ना मंत्र, ना मूर्ती, ना दक्षिणा.

एका कारकुनाची गोष्ट

१९५४ साली बाबासाहेब ज्या रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, तिथल्याच सयाजी ऊ बा खिन यांचे उदाहरण घेऊ. १८९९ साली कामगार वस्तीत जन्म. महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. १९३७ साली ते विपश्यना शिकले, तेही सया थेटजी या शेतकऱ्याकडून! १९५० मध्ये त्यांनी कचेरीतच साधना सुरू केली. शेतमालाच्या सरकारी मंडळातील भ्रष्टाचाराशीही ते लढले. ध्यान करणारा माणूस निष्क्रिय होतो म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातले आपले पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी शिबिराला बसले. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, राहण्या-जेवणाचे शुल्क नाही. शिबिर झाल्यावर इच्छेनुसार दान. शेगाव, नांदुरा, मलकापूर आणि इगतपुरी एकाच रेल्वेमार्गावर आहेत. पण दहा दिवसांची मजुरी बुडवणे ज्याला जमत नाही, त्याने घरीच सुरुवात करावी.

घरी काय करावे?

पहाटे किंवा झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसा. मांडी घालवत नसेल तर खुर्चीवर बसा. डोळे मिटा. नाकपुड्यांशी श्वास येतो-जातो तिकडे लक्ष द्या. मन पळेल, कर्जाकडे जाईल, भांडणाकडे जाईल. चिडू नका, पुन्हा श्वासावर आणा. शेवटी दोन मिनिटे घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याचेही मंगल चिंता. मुलांनाही अभ्यासाआधी पाच मिनिटे बसवा. घरातल्या बाईला ही दहा मिनिटे मिळावीत म्हणून तेवढा वेळ चूल पुरुषाने सांभाळावी. हीसुद्धा मैत्रीभावनाच!

एक इशारा. झोप पूर्ण उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, भास होत असतील तर नुसत्या ध्यानावर विसंबू नका. सरकारी दवाखान्यातील मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. अंगारे-धुपारे, बाबा-बुवा यांच्या दारी मात्र जाऊ नका.

बांधवांनो, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा आपला मार्ग आहे. रागाने पेटलेला माणूस नीट शिकत नाही, चार माणसांत टिकत नाही आणि संघर्षात लवकर थकतो. मन ताब्यात असलेला माणूस अर्ज नीट लिहितो, मोर्चात शेवटपर्यंत चालतो आणि घरी परतल्यावर लेकराला जवळ घेतो. अन्यायाची चीड मनात जरूर ठेवा, पण तिचा लगाम आपल्या हाती ठेवा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर लगेच उठू नका. दहा मिनिटे एकत्र बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!