उपरी, खातेदार आणि खंडकरी : बारामती–इंदापूर मुलखातील वस्तीचे काही शब्द

परक्या मुलखातील लहानशा खेड्यात जाऊन राहणे, तेथे पैसा गुंतविणे आणि तेथून जा-ये ठेवणे ह्या गोष्टींचा विचार सामान्यतः अर्थशास्त्रात होतो. परंतु बाहेरून आलेल्या माणसाला गाव कोणत्या नावाने हाक मारते आणि ते नाव केव्हा बदलते, हा प्रश्न भाषेचा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. म्हणून तेथील काही शब्दांचा अर्थ उलगडून पाहणे उपयुक्त ठरावे.

उदाहरणादाखल इंदापूर तालुक्यातील कळस हे खेडे घ्यावे. (पुणे शहरालगतचे कळस आणि अकोले तालुक्यातील कळस ही गावे निराळी.) हा सारा प्रदेश पर्जन्यछायेतला, पाऊस अपुरा आणि त्याहीपेक्षा बेभरवशाचा. अशा ठिकाणी जमीन मिळणे कठीण नसते. तिच्यात घातलेले श्रम आणि पैसा परत मिळणे कठीण असते. येथील वस्तीच्या परिभाषेचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

पेशवेकालीन गावात शेत कसणारांचे दोन वर्ग होते. ‘मिरासदार’ हा वंशपरंपरेचा हक्कदार. ‘मिरास’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थच वारसा. दुसरा ‘उपरी’. तो बाहेरून येई, पडीक किंवा दुसऱ्याची जमीन कसण्यास घेई, आणि मुदत संपली की निघूनही जाऊ शके. आजच्या मराठीत ‘उपरा’ म्हटले की त्यात हिणकस छटा येते. परंतु जुन्या महसुली व्यवहारात उपरी हा गावाला हवा असलेला माणूस होता. दुष्काळाने किंवा लढाईने ओस पडलेली जमीन लागवडीस आणण्यासाठी त्याला ‘कौल’ दिला जाई. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, पुढे दरसाल वाढता, अशा चढत्या दराच्या कराराला ‘इस्तावा’ म्हणत. ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द. नवख्याने गुंतविलेल्या श्रमाला सरकारच्या शब्दाखेरीज दुसरे तारण नव्हते.

हा शब्द मोडला तर काय होते, ह्याचा प्रत्यय इंदापूरनेच दिला. इंग्रजी अमलाच्या आरंभी रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरविण्याचा प्रयोग केला. त्यामागे रिकार्डो प्रभृतींचा, मराठीत ज्याला ‘खंडाचा सिद्धांत’ म्हणतात, तो विचार होता. १८३० च्या सुमारास अमलात आलेले हे दर शेतकऱ्यांना पेलवले नाहीत. पुष्कळ जमीन पडीक राहिली आणि कित्येक कुटुंबे निजामाच्या मुलखात निघून गेली. १८३५–३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी फेरपाहणी इंदापूरपासूनच सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला, मातीचा प्रकार व खोली पाहून जमिनीची आणेवारीने प्रतवारी लावली आणि दर तीस वर्षांकरिता कायम केले. तीस वर्षांची ही हमी म्हणजे एका अर्थाने कौलाचेच नवे रूप होय. मात्र तिच्यामुळे मिरासदार आणि उपरी हा भेद हळूहळू निरर्थक ठरला. सर्व्हे नंबर ज्याच्या नावावर, तो ‘खातेदार’. दफ्तराने नवख्याला आणि जुन्याला एकच नाव दिले.

पण जमीन खात्यावर चढली तशी ती गहाणही पडू लागली. सावकाराच्या पैशाने शेती करणाऱ्या कुणब्याचा असंतोष १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उफाळला. आज बारामती तालुक्यात असलेल्या ह्या गावी सावकारांची खते व दस्तऐवज हिसकावून जाळण्यात आले. हल्ल्याचा रोख मुख्यतः कागदावर होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या लेखाने हक्क दिला, त्याच जातीच्या लेखाने तो हिरावला होता.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर नीरा नदीवरील डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि परिभाषेत नवी भर पडली. ‘जिरायत’ आणि ‘बागायत’ हे शब्द जुनेच. त्यांच्याबरोबर आता पाट, चारी, पाणीपाळी, पाटकरी हे शब्द रोजच्या बोलण्यात रुळले. पाण्याच्या मागणीचा ‘सात नंबरचा अर्ज’ हाही पुढे शेतकऱ्याच्या तोंडी बसला. परंतु पाणी आले म्हणून ऊस आला असे झाले नाही. ऊस शेतात वर्षभर, आडसाली असल्यास दीड वर्ष उभा राहतो. तोवर खत, पेंड, मजुरी आणि पाणीपट्टी ह्यांत पैसा अडकून पडतो. स्थानिक जमीनधारकांपैकी अनेकांजवळ जमीन होती, पण हे भांडवल आणि बागाइती कसब नव्हते. ते सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी आणले. त्यांनी कालव्याच्या काठी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे चालविली. ह्याच समाजातील शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये भागभांडवल जमवून अकलूजजवळ साखर कारखान्याची स्थापना केली. माळीनगर हे त्या वस्तीचे नाव. त्याच दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद ह्यांच्या उद्योगातून वालचंदनगर उभे राहिले.

येथे ‘खंड’ ह्या शब्दाकडे वळले पाहिजे. वाट्याने जमीन दिली असता पीक बुडाल्यास दोघेही बुडतात. खंडाने दिली असता ठरलेली रक्कम द्यावीच लागते. जोखीम सर्वस्वी कसणाराची. ह्या न्यायाने ‘खंडकरी’ म्हणजे खंड भरणारा कूळ असा अर्थ व्हावयास हवा. परंतु ह्या मुलखात आणि अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) खंडकरी म्हणजे कारखान्याला जमीन खंडाने देणारा मूळ मालक. ह्याचे व्याकरणदृष्ट्या कारण असे की ‘-करी’ हा प्रत्यय संबंध दाखवितो, देवघेवीची दिशा दाखवीत नाही. गावकरी गाव ‘करीत’ नाही, तो गावाशी बांधलेला असतो. व्यवहारातील कारण अधिक मार्मिक आहे. कंपनी ही भाडेकरू असूनही बलवान होती. जमिनीचा धनी दुबळा होता. म्हणून गरजवंताचे नाव मालकाला चिकटले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये कारखान्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे त्यांची वहिवाट आली. आपल्याच जमिनी परत मिळाव्यात म्हणून खंडकऱ्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या परत देण्याची प्रक्रिया सुरू झाली.

वाटांचा विचारही ह्याच अंगाने करता येईल. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर ह्या मार्गाने दरवर्षी पंढरपूरकडे जाते. वारकरी मुक्कामाला येतो, जमीन मागत नाही. म्हणून त्याला कोणी उपरा म्हणत नाही. उलट रानात मळा करून राहिलेल्या कुटुंबाची ‘वस्ती’ त्याच्या आडनावाने ओळखली जाऊ लागली, की त्या माणसाचे परकेपण सरत आले असे समजावे. पाणंदीला किंवा एखाद्या थांब्याला त्याचे नाव पडले, की ते बहुधा संपलेच. ह्याच तालुक्याच्या उत्तर सीमेवर, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची कित्येक गावे पाण्याखाली घेतली. तेथे पिढीजात गावकरी एका दिवसात ‘धरणग्रस्त’ झाला आणि नव्या गावठाणात त्याला पुन्हा उपऱ्यापासून आरंभ करावा लागला.

तात्पर्य, कोशात ह्या शब्दांचे अर्थ स्थिर दिसले तरी गावात ते स्थिर नसतात. उपरी, खातेदार, खंडकरी ह्यांपैकी कोणताही शब्द क्षेत्रपाहणीत कानी पडला असता, त्या व्यवहारात पैसा कोणी दिला, जमीन कोणाची आणि पीक बुडाल्यास भार कोणावर, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून अर्थाची नोंद करू नये.