कोठीच्या खोलीतील भूकंपमापक



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना अजून आठवते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून मंडळी उशिरा झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर भागात धरणी हलली आणि सुमारे १०,००० माणसे गेली. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होतो. वसतिगृहातली खाट हलली, तेव्हा सोबत्याने चेष्टा केली असे वाटून मी त्याच्यावर ओरडलो. तो मात्र आपल्या खाटेवर उठून बसलेला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. जमीन किती हलली हे मोजणारे यंत्रही जमिनीवरच उभे असते. जमिनीबरोबर तेही हलणार, मग ते मोजते तरी कसे? हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे, पण मला छंदच लागला म्हणा ना!

उत्तर तुमच्या बैलगाडीत आहे. उभ्या गाडीला बैलांनी एकदम हिसका दिला की आपण मागे कलंडतो. गाडी पुढे जाते आणि आपले अंग होते तिथेच राहू पाहते. वस्तू जितकी जड, तितकी ती जागची हलायला नाखूश. भूकंपमापकात असेच एक जड वजन मोकळे टांगलेले असते. खालची जमीन सरकते, वजन मागे रेंगाळते, आणि या दोहोंतला फरक रेघेच्या रूपाने उमटतो.

टांगायचे कसे, यातच सारी खुबी आहे. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या काही लाटा फार संथ असतात, एका हेलकाव्याला वीस सेकंदही घेतात. तितक्या सावकाश झुलणारा साधा लोलक करायचा, तर सुमारे शंभर मीटर लांब दोर हवा. एवढी खोल विहीर कोणाच्या शेतात आहे? म्हणून शास्त्रज्ञांनी फाटकाची युक्ती काढली. वाड्याच्या फाटकाचा खांब किंचित कललेला असला, की फाटक आपोआप फिरून ठरावीक जागी येऊन थांबते. खांब जितका सरळ उभ्याच्या जवळ, तितके ते हळू फिरते. तोच हा आडवा लोलक.

या विद्येत हौशी माणसांचा मोठा वाटा आहे. जॉन मिल्न हे इंग्रज शास्त्रज्ञ जपानात अनेक वर्षे भूकंपांचा अभ्यास करून १८९५ साली मायदेशी परतले आणि एका लहानशा बेटावर राहत्या घरीच त्यांनी वेधशाळा थाटली. आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्यांच्या धर्तीचे यंत्र बसले होते. पुढे या यंत्रात सुधारणा केली ती जे. जे. शॉ नावाच्या गृहस्थाने. त्याचा धंदा काय, तर वस्तू गहाण ठेवून घेऊन पैसे देण्याचा! सावकाराने केलेले असे काम निदान माझ्या तरी ऐकिवात दुसरे नाही.

मी माझे यंत्र गावाकडच्या जुन्या घरात, कोठीच्या खोलीत उभे केले. लोखंडी पाटाला समपातळीत आणण्यासाठी तीन बोल्ट, त्यावर एक खांब. दोन हात लांब सळईचे एक टोक धारदार करून खांबाला टेकवले, दुसऱ्या टोकाला तराजूचे पाच किलोचे वजन बांधले आणि ते टोक खांबाच्या माथ्यापासून आलेल्या तारेने तोलून धरले. वजन एकदा हलले की झुलतच राहते, म्हणून त्याला जोडलेली पत्र्याची पट्टी तेलाच्या डब्यात बुडवून ठेवली. तेलाने हेलकावे जिरतात. टोकाला जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक आणि शेजारी बारीक तारेचे वेटोळे. चुंबक हलले की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वाढवून संगणकाला दिली की पडद्यावर रेघ उमटते.

पहिले काही आठवडे माझी फजितीच झाली. रोज पहाटे रेघ जाड व्हायची. मी मोठ्या उत्साहाने वेळा टिपून ठेवल्या. पाहतो तो काय, भिंतीपलीकडच्या गोठ्यात त्याच वेळी म्हशी उठत होत्या! रात्रीच्या लांब लाटा म्हणजे कौलांच्या फटीतून येणारा वारा. मग यंत्रावर खोके घातले आणि त्याचा पाट जमिनीत खोल गेलेल्या खडकावर बसवला.

खरा भूकंप ओळखता येतो. आधी वेगवान लहर येते, मागून हळू चालणारी पण जोरकस लहर येते. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण आकडे मोजतो, तसाच हा हिशेब. जवळच्या भूकंपासाठी दोन लहरींमधल्या सेकंदांना आठाने गुणले, की साधारण अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वीस सेकंद असतील तर सुमारे १६० किलोमीटर. दिशा मात्र एका यंत्राने कळत नाही. जागा ठरवायला तीन ठिकाणच्या नोंदी लागतात.

म्हणूनच अशी यंत्रे घरोघर असण्यात अर्थ आहे. हैती या गरीब देशात १४ ऑगस्ट २०२१ रोजी ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तेथे लोकांनी घरात ठेवलेली तळहाताएवढी यंत्रे होती. भूकंपाजवळच्या नोंदी मिळाल्या त्या त्यांच्याकडून. आपल्याकडे हिंगोली भागाला २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा वेळी ‘अमुक रात्री मोठा धक्का येणार’ अशी आवई उठते आणि लोक पोरेबाळे घेऊन उघड्यावर झोपतात. तुम्ही विचाराल, यंत्र आधी सांगेल का? नाही. जगातले कोणतेही यंत्र भूकंपाची तारीख सांगू शकत नाही. जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

परंतु त्या पाच किलोच्या वजनाकडे पाहता पाहता एक दिवस मी वर पाहिले. कोठीच्या खोलीला कौले असली, तरी माजघरावर आमचे माळवद आहे. जमीन सरकली की वजन मागे राहते, तसेच हे माळवदही मागे राहू पाहणार, आणि त्याचा सगळा ताण मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर येणार. किल्लारीला हेच झाले. जाड भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना जोडणारे आरपार दगड नव्हते. भिंती फुगून फाटल्या आणि झोपलेल्या माणसांवर दगडमाती कोसळली. गळू नये म्हणून आपण दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकतो, जुनी मात्र कोणी काढत नाही.

शिडी लावून वर चढलो आणि सळई खुपसून पाहिली. थर दीड हात भरला. भिंतीत आरपार दगड बसवणे आणि दारांच्या वर सलग काँक्रीटची पट्टी घेणे ही कामे जाणत्या माणसाला विचारून करायची, ती पुढच्या उन्हाळ्यावर ठेवली. माती मात्र लगेच, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायला घेतली. चार गडी दोन दिवस खपले. त्या दोन दिवसांची रेघ यंत्राने सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाडच्या जाड काढून ठेवली आहे.